भोवऱ्याची घोडी

एका राज्यात ठकूबाई नावाची बाई होती, आणि तिचं एकच गाऱ्हाणं होतं. खरं सांगते, तर कोणी खरं मानत नाही. जन्मात ती खोटं बोलली नव्हती. तरी राजा मानेना, प्रधान मानेना, पागेदार मानेना, आणि घोड्यांना खरारा करणारे मोतद्दारसुद्धा तोंड फिरवून हसत.

ठकूबाईचं काम काय? राजाच्या पागेतल्या घोड्यांच्या सोयरिकी जुळवणं. माणसांच्या सोयरिकी जुळवणारे गल्लोगल्ली असतात. मुलीचा रंग बघितला, मुलाचं शेत बघितलं, की झालं त्यांचं काम. घोड्यांचं तसं नाही. घोडीची छाती बघावी लागते, पायाचा घोटा बघावा लागतो, नाकपुडीत वारा किती मावतो ते बघावं लागतं. तिची आई कशी पळायची, आजी कशी पळायची, पणजीला उतारावर भीती वाटायची का, हे सगळं ठाऊक असावं लागतं. मग सांगायचं, हिला तो दाखवा, तिला हा दाखवू नका. ठकूबाईच्या आईनं हेच काम केलं, आजीनंही हेच केलं. पागेची सगळी कुळं तिला तोंडपाठ होती. ती बोले, लोक ऐकत, आणि करायचं तेच करत.

त्या राज्याला शाप होता. राजाचा घोडा शर्यतीत वाऱ्यासारखा पळे, सगळ्यांच्या पुढे असे, आणि शेवटची कमान हाकेच्या अंतरावर आली की जागच्या जागी गरगर फिरू लागे. पोराच्या हातून सुटलेला भोवरा फिरतो, तसा. स्वार पाठीवरून फेकला जाई, घोडा फिरत राही, आणि मागून घोरपाल मांत्रिकाचा काळा घोडा सावकाश, जत्रेला निघाल्यासारखा, कमानीखालून निघून जाई.

घोरपाल दरसाल येई, दरसाल जिंके, आणि दरसाल राज्याचा एक तुकडा घेऊन जाई. आंब्यांचा मुलूख गेला, त्या साली घराघरांत लोणच्याच्या बरण्या पालथ्या पडल्या. मिठागरं गेली, त्या सालापासून प्रजा अळणी जेवू लागली. आता राजधानी उरली होती, नदी उरली होती आणि नदीकाठची गावं.

शाप आला कुठून? राजा भानुकेताच्या आजोबांनी, चंद्रकेत महाराजांनी, घोरपालाला शर्यतीत हरवलं होतं. हरलेल्यानं जिंकलेल्याला भेट द्यायची, असा रिवाज. घोरपाल हसला आणि त्यानं एक घोडा दिला. त्याची आयाळ सोन्याची, कपाळावर सोन्याच्या तारांचा तुरा. नाव सोनतुरा. त्याला म्हातारपण नव्हतं. आजोबा गेले, वडील गेले, सोनतुरा होता तसाच राहिला. देऊन जाता जाता घोरपाल बोलला, "तुझ्या पागेला भोवरा भोवेल. भोवऱ्यानं बिघडेल, ते भोवऱ्यानंच सुटेल."

आता भेट आणि शाप एकाच तोंडातून, एकाच दमात निघाले. लोकांनी भेट निराळी धरली आणि शाप निराळा धरला. भेटीला केशर-बदाम घातले, आणि शाप कुठं दडलाय ते शोधायला निघाले.

भोवरा म्हटल्यावर घोडेवाल्याला काय आठवणार? घोड्याच्या अंगावर केस वळून चक्र होतं, त्याला भोवरा म्हणतात. छातीवरचा भोवरा शुभ, डोळ्याखालचा अशुभ. जुने लोक त्याला आसूढाळ म्हणतात, घोडा धन्यासाठी रडतो म्हणे. राज्यात दवंडी फिरली. डोळ्याखाली भोवरा घेऊन जे शिंगरू जन्मेल, ते नदीच्या डोहात सोडायचं. तसलं शिंगरू ज्या घोडीला झालं, तिलाही त्याच्या मागून सोडायचं, कारण दोष घोडीचा. दोष घोड्याचा असू शकतो, हे कोणाच्या मनातही आलं नाही. आपल्याकडे ते कधी येतं?

पागेतल्या साऱ्या घोड्या सोनतुऱ्यालाच दाखवत. त्यांची काही शिंगरं बापावर जात, त्यांच्या कपाळावरच्या केसांत सोन्याची तार चमके. काही आईच्या कुळावर जात, त्यांच्या डोळ्याखाली भोवरा असे. तारेवाली पागेत राहिली, शर्यतीत पळली, आणि फिरली. भोवऱ्यावाली डोहात गेली. ती पळाली असती तर फिरली असती का, हे बघायला एकही मागं ठेवली नाही.

ठकूबाई हेच सांगत होती. तरुणपणी सांगितलं, केस पिकायला लागले तरी सांगत होती. ऐकतंय कोण?

मग एका साली साळू नावाची घोडी ठकूबाईच्या हातांवर व्याली. शिंगरू मादी, रंगानं तांबूस, कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका, आणि उजव्या डोळ्याखाली भोवरा. ठकूबाईनं दाराकडे बघितलं, कोणी नव्हतं. तिनं दिव्याची काजळी घेतली, तेलात कालवली आणि शिंगराच्या डोळ्याखाली फासली. नाव ठेवलं कवडी. रोज काजळी, रोज तेल. कवडी मोठी झाली, खोगीर चढवण्याजोगी झाली, आणि ठकूबाईचा जीव तिच्यात गुंतला तो गुंतलाच. तिला मूलबाळ नव्हतं. असतं तरी कवडीइतकं शहाणं निघालं असतं, असं नाही.

पागेदाराचं नाव दौलोजी. माणूस वाईट नव्हता. त्याच्या आजोबांनी सोनतुऱ्याचा लगाम धरला, वडिलांनी धरला, आता तो धरत होता. शर्यतीत राजाचा स्वारही तोच, त्यामुळे कमानीजवळ पडून पडून त्याचं कंबरडं वाकडं झालं होतं. एके सकाळी त्याला कवडीचं कौतुक वाटलं आणि त्यानं तिला रिठ्याच्या फेसानं धुतलं. काजळी वाहून गेली.

"ठकूबाई, हे काय?"

"भोवरा."

"इतके दिवस कुठं होता?"

"तिथंच होता. तुमचे डोळे सोनतुऱ्याच्या शेपटीवर."

दौलोजीनं कपाळावर हात मारला आणि तो राजाकडे गेला. त्याचं कामच होतं ते.

सभा भरली. कवडीला मधोमध उभं केलं. राजा भानुकेत तरुण होता, मनानं बरा होता, पण त्याच्या निशाणावर सोन्याचा तुरा, अंगठीवर सोन्याचा तुरा, पागोट्यावर सोन्याचा तुरा. इतके तुरे वागवणाऱ्या माणसाला मान वळवणं अवघड जातं.

राजा बोलता झाला, "बाई, कायदा ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे महाराज. चुकीचा आहे."

"आजवर तो कोणी चुकीचा म्हटला नाही."

"मी म्हटलाय. तुमच्या वडिलांनाही म्हटलाय. ते हसले."

दौलोजी पुढे झाला. "महाराज, हिच्या नावातच ठक आहे."

"नाव आईनं ठेवलं, दौलोजी. अक्कल माझी मी ठेवली." आणि ती राजाकडे वळली. "महाराज, घोरपालानं दोन भोवरे सांगितले. एकानं बिघडेल, दुसऱ्यानं सुटेल. बिघडवणारा भोवरा म्हणजे गरगर फिरणं. ते सोनतुऱ्याच्या रक्तातून आलं. सोडवणारा भोवरा हा, हिच्या डोळ्याखाली आहे. तुम्ही औषध डोहात बुडवलंत आणि रोगाला बदाम घातलेत."

सभेत कुजबुज झाली. प्रधान खाकरला.

"एक सांगा," ठकूबाई म्हणाली, "सोनतुऱ्याला पळताना ह्या सभेत कोणी पाहिलंय?"

सोनतुरा पळत नसे. तो मखमलीवर उभा राही, लोक त्याला हार घालत, तो हार खाई.

"ज्याला कोणी पळताना पाहिलं नाही, त्याची पोरं पळतील हे कोणी ठरवलं? सोयरीक करताना मी आधी चाल बघते, मग रंग बघते. तुम्ही रूप बघून नवरदेव घरात आणला, आणि संसार फसला तेव्हा सुनेला बोल लावला."

राजाचा चेहरा लाल झाला. पण तो न्यायी होता. त्यानं हात वर केला.

"बाई, बोललात ते सिद्ध करा. तीन कामं देतो. आपल्या पागेची, पण सोनतुऱ्याच्या रक्ताचा थेंब नसलेली घोडी माझ्यासमोर आणा. सोनतुरा सर्वांदेखत पळाला तर फिरतो, हे दाखवा. आणि ह्याच कवडीवर येती शर्यत जिंका. तिन्ही झाली, तर कायदा मोडेन. एक जरी राहिलं, तर कवडी डोहात, आणि तिच्या मागून साळू."

"आणि मी?"

"तुम्ही घरी."

"मग मीही डोहातच बरी," ठकूबाई म्हणाली, आणि चालू लागली.

ती नदीवर आली. नदीकाठी एक म्हैस पाण्यात बसली होती, आणि म्हशीच्या पाठीवर एक काळा पक्षी बसला होता. शेपूट कात्रीसारखी दुभंगलेली. पक्षी बोलला.

"कोण जातंय?"

"ठकूबाई. तू कोण?"

"कोतवाल. पाठींचा अंमल माझ्याकडे आहे. गाईची पाठ, म्हशीची पाठ, रेड्याची पाठ. काम सांगावं."

"सोनतुऱ्याच्या रक्ताबाहेरची घोडी हवी. अशी राज्यात नाही."

"राज्यात नाही. नदीपलीकडे आहे. डोहात टाकलेली घोडी बुडते, असं कोणी सांगितलं?"

इतकी वर्षं ती सगळ्यांच्या चुका काढत होती, आणि हे तिनंही कधी विचारलं नव्हतं. डोहात सोडलं म्हणजे मेलं, असंच तिनंही धरलं होतं.

"पलीकडे ने," ती म्हणाली.

"बदल्यात पाठ लागेल. म्हशीची पाठ रुंद असते, पण चिखलात लोळते. मला घोड्याची पाठ हवी."

"कवडीची देईन. जगली तर."

"मग तिनं जगायला हवं," कोतवाल म्हणाला आणि त्यानं म्हशीच्या मानेत चोच मारली. म्हैस उठली. ठकूबाईनं तिची शेपूट धरली. म्हैस पोहत निघाली, आणि डोहाच्या ऐन मध्यावर पाणी दोन्ही बाजूंना सरकलं. म्हैस पायऱ्या उतरल्यासारखी खाली गेली आणि पायऱ्या चढल्यासारखी पलीकडे वर आली. ठकूबाईचा पदर भिजला नाही.

पलीकडे गवताचं रान होतं. रानात घोडे चरत होते. तांबडे, काळे, पांढरे, अबलख. बहुतेकांच्या डोळ्याखाली भोवरा. काठाच्या खडकावर हिरवं नेसून एक बाई बसली होती, पाय पाण्यात सोडलेले, केसांतून पाणी गळतंय आणि थांबत नाही. ठकूबाईनं ओळखलं. ती डोहातली आसरा होती. ठकूबाईनं कनवटीची पुडी सोडली, हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले.

आसरा बोलली, "तुम्ही टाकलं, मी झेललं."

"उपकार झाले, बाई."

"उपकार राहू देत. काय हवं?"

"एक घोडी. साक्षीला."

"ह्यांना टाकताना कोणी नाव ठेवलं नव्हतं. कोणाची कोण, तेही मला सांगितलं नाही. तू कुळं जाणतेस म्हणे. सगळ्यांची सांग, आणि एक ने."

ठकूबाई उठली. हे काम तिला सांगावं लागत नाही. ती एका तांबड्या घोडीजवळ गेली, तिला पाच पावलं चालवलं. "ही वळताना शेपूट डावीकडे झटकते. ही मैनेची लेक." काळ्या घोड्याजवळ गेली. "ह्याच्या कानांची टोकं आत वळलीत. हा साळूचा धाकटा भाऊ. हिचे घोटे लांब आणि मऊ, ही उड्या मारणाऱ्या जाईच्या पोटची. हा पाण्यावर आधी फुंकर घालतो, मग पितो. हरणीचा लेक, हरणी अशीच पाण्याशी बोलायची. आणि तू गं, तुझी छाती अशी उखळासारखी, तू रंभेची. रंभा गेली तेव्हा माझी आई दोन दिवस जेवली नव्हती."

ती नाव घेई आणि तो घोडा मान वर करी. असं करत करत ती रानाच्या टोकाला आली. तिथं एक पांढरी घोडी एकटी उभी होती. फार म्हातारी. पापण्यासुद्धा पांढऱ्या.

ठकूबाईनं तिला पुढून बघितलं, मागून बघितलं. चालवलं. पाणी पाजलं. आणि पुन्हा पुढून बघितलं.

"अडलीस?" आसरेनं विचारलं.

"थांबा जरा."

म्हाताऱ्या घोडीचे कान टोकाला आत वळलेले होते, साळूसारखे. पण वळताना ती शेपूट डावीकडे झटकत होती, मैनेसारखी. घोटे जाईसारखे लांब. छाती उखळासारखी. आणि पाणी पिण्याआधी तिनं फुंकर घातली होती. एका घोडीत सगळ्यांचं सगळं कसं? ठकूबाई ही कोणाची लेक ते शोधत होती, आणि म्हणूनच अडली होती. नदीचं मूळ शोधायचं आणि तोंड समुद्राकडे करून चालायचं, अशातली ती गत.

"ही कोणाची लेक नाही," ती हळूच म्हणाली. "ह्या सगळ्या हिच्या लेकी. ही मूळ माय."

तिनं घोडीच्या मांडीवरचे केस बाजूला केले. कातडीवर चंद्रकोरीचा डाग होता. चंद्रकेत महाराजांच्या पागेचा.

"हिचं नाव धारा," आसरा म्हणाली. "सगळ्यांत आधी हीच आली. ने."

दुसऱ्या दिवशी धारा सभेत उभी राहिली. राजानं डाग बघितला, आजोबांचा डाग त्यानं ओळखला. मग डोळ्याखालचा भोवरा बघितला.

"ही आमच्या आजोबांची घोडी? पण आजोबांनी घोरपालाला हरवलं ते सोनतुऱ्यावर बसून. तसं गाणं आहे."

"महाराज, सोनतुरा दिला कोणी?"

"घोरपालानं."

"केव्हा?"

"हरल्यावर."

"मग शर्यतीत आजोबा कशावर बसले होते?"

राजानं निशाणावरच्या सोन्याच्या तुऱ्याकडे बघितलं. ते गाणं सगळ्यांनी पाळण्यात असताना ऐकलं होतं, दरसाल दसऱ्याला म्हटलं होतं, आणि एकाच्याही लक्षात आलं नव्हतं की शर्यत संपेपर्यंत सोनतुरा राज्यात आलाच नव्हता. जिंकली होती ती धारा. भोवरेवाली.

"एक झालं," राजा म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता.

दुसरं काम सोपं नव्हतं. सोनतुऱ्याला दौलोजीनं बाबापुता करून बघितलं, हरभऱ्याच्या चंदीची पिशवी पुढे धरून बघितली, शेवटी मागून ढकलून बघितलं. सोनतुऱ्यानं एक जांभई दिली आणि दौलोजीच्या मुंडाशाचं टोक चघळलं.

"तो आपला नाहीच, तर आपलं ऐकेल कशाला?" ठकूबाई म्हणाली. "कोतवाल, घोरपाल आपल्या घोड्याला हाक कशी मारतो?"

कोतवाल कोणाचाही आवाज काढतो, हे रानातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. आणि घोरपालाच्या काळ्या घोड्यामागूनही तो उडून आला होता. तो पागेच्या आढ्यावर बसला आणि त्यानं शीळ घातली. लांब, बारीक, मागून वळलेली.

सोनतुऱ्याचे कान उभे राहिले. गळ्यातली सोन्याची साखळी तुटली. सोनतुरा पळाला. काय पळाला म्हणून सांगू, मखमल त्याच्या टापांखाली फाटत गेली. लोक वाहवा म्हणायला तोंड उघडतात, तोच तो मैदानाच्या मध्यावर आला आणि फिरू लागला. गरगर, गरगर. हार उडाले, झूल उडाली, मातीत खळगा पडला, तो खळग्यात फिरत राहिला. शीळ संपली तेव्हा थांबला. तसाच डुलत डुलत परत आला, आणि बदामाच्या ताटापुढे उभा राहिला.

"दोन झाली," राजा म्हणाला.

दौलोजी कुंपणाला टेकून उभा होता. त्याचं कंबरडं वाकडं होतं ना, तिथं त्यानं हात ठेवला होता.

"बाई, मी प्रत्येक वेळी म्हणायचो, माझीच मांड कच्ची."

"तुमची मांड चांगली आहे, दौलोजी. मी पाहिलीय."

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं."

दौलोजीनं मान हलवली. खरं होतं ते.

शर्यतीचा दिवस आला. घोरपाल आला. दाढी राखेच्या रंगाची, डोळे हिरवे, खाली काळा घोडा. कवडीला त्यानं आपादमस्तक बघितलं, आणि भोवरा दिसला तेव्हा तो क्षणभर हसायचा थांबला. ठकूबाईनं ते टिपलं.

"हिचं नाव?" त्यानं विचारलं.

"कवडी."

"किंमतही तेवढीच दिसते."

"तुमच्या घोड्यावरून ओवाळून टाकायला पुरेल."

"स्वार कोण?" राजानं विचारलं. भोवऱ्याच्या घोडीवर बसायला कोणी पुढे येईना. बसेल त्याची बायको रडेल, अशी समजूत. शेवटी वाकडं कंबरडं धरत दौलोजी आला.

"माझी बायको तशीही रडतेच," तो म्हणाला आणि त्यानं मांड टाकली.

ठकूबाईनं कवडीच्या कानाशी तोंड नेलं नाही, मंत्र म्हटला नाही. तिनं खोगिराचा तंग तपासला, पुढचे खूर उचलून बघितले, आणि ती धारेला घेऊन मैदानाच्या त्या टोकाला गेली. कमानीच्या पलीकडे, अगदी मधोमध, तिनं धारेला उभं केलं. लोक म्हणाले, म्हातारीला उन्हात कशाला उभं करता.

निशाण पडलं. घोडे सुटले. पहिल्या वळणावर काळा घोडा पुढे होता, दुसऱ्या वळणावर दोघं बरोबरीनं होते, तिसऱ्या वळणावर कवडी पुढे गेली. लोकांना त्याचं काही वाटलं नाही. पुढे जाणं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दरसाल पुढे जाणारा घोडा पाहिला होता.

कमान हाकेच्या अंतरावर आली. दौलोजीनं सवयीनं डोळे मिटले आणि आयाळ घट्ट धरली. आणि मागून घोरपालानं शीळ घातली. लांब, बारीक, मागून वळलेली.

कवडीचा एक कान मागे गेला. कसा न जाईल? आईवर गेली तरी बाप सोनतुराच होता. तिचं पाऊल तिरकं पडलं. मान वळू लागली. अर्धी गिरकी झाली. राजा उभा राहिला. ठकूबाईनं धारेच्या मानेवर हात ठेवला.

धारा खिंकाळली. मोठ्यानं नाही. पागेत घोडी आपल्या शिंगराला बोलावते, तेवढंच.

कवडीचा दुसरा कान पुढे आला. शिंगरू आईकडे येतं ते सरळ येतं, वाकडं येत नाही, हे ठकूबाईला शिकवावं लागलं नव्हतं. कवडीची मान सरळ झाली, पाऊल सरळ पडलं. ती कमानीखालून निघाली आणि धारेच्या गळ्याशी येऊन उभी राहिली. दौलोजीनं डोळे उघडले.

"पडलो का मी?"

"नाही हो. उतरा आता, तिला घाम आलाय."

आणि शाप फिटला. पागेतल्या साऱ्या घोड्यांच्या कपाळांवरच्या सोन्याच्या तारा झडल्या आणि तिथं साधे केस आले. सोनतुऱ्याचं सगळं राहिलेलं वय त्याच्यावर एकदम आलं, पाठ खचली, आयाळ करडी झाली. त्यानं स्वतःकडे बघितलं, मग बदामांकडे बघितलं, आणि तो खात राहिला. आंब्यांचा मुलूख दुपारी परत आला. मिठागरं तिसऱ्या प्रहरी आली, आणि संध्याकाळच्या आमटीला चव लागली. बायका पळी तोंडात धरून चुलीपुढे तशाच बसल्या.

घोरपाल घोड्यावरून उतरला. "हरलो. रिवाज आहे, भेट घ्या," तो म्हणाला आणि त्यानं झोळीत हात घातला.

"भेट नको," ठकूबाई म्हणाली.

"रिवाज आहे."

"झोळी बंद करा आणि निघा."

तो गेला. मग राजानं कायदा मोडला, कवडीला आपल्या हातानं चंदी चारली, आणि नदीपलीकडे निरोप पाठवला की सगळ्यांनी घरी यावं. कोतवाल निरोप घेऊन गेला आणि उत्तर घेऊन आला. कवडीच्या पाठीवर बसून त्यानं ते आसरेच्या आवाजात सांगितलं.

"टाकताना म्हणालात, दोष घोडीचा. आता दोष कोणाचा, ते राजानं स्वतःच्या तोंडानं सांगावं. त्याशिवाय त्या पाण्याबाहेर पाय ठेवणार नाहीत."

राजा नदीवर गेला. सगळा गाव मागून गेला. नदीच्या मध्यावर, गुडघाभर पाण्यात, सारे घोडे उभे होते. मैनेची लेक होती, साळूचा भाऊ होता, हरणीचा लेक होता. अलीकडच्या काठावर साळू उभी होती आणि भावाकडे बघत होती. घोडे राजाकडे बघत होते.

राजा म्हणाला, "दोष घोरपालाचा."

घोडे हलले नाहीत.

"त्यानं तर तोंडावर सांगितलं होतं, महाराज," ठकूबाई म्हणाली. "ऐकलं नाही ते आपण."

"मग दोष दैवाचा."

घोड्यांनी एक पाऊल मागे घेतलं.

"दैवाला पागेत कोणी बांधलं नव्हतं."

"मग आमच्या कायद्याचा. आमच्या आजोबांचा."

घोडे थांबले, पण पुढे आले नाहीत. राजानं ठकूबाईकडे बघितलं. ह्या वेळी ती रागावली नाही.

"तो दोष आहेच, आणि तो मोठा आहे. पण ह्या घोड्या आहेत, महाराज. त्यांना कायदा समजत नाही. त्यांना कूळ समजतं. फिरणं पागेत कोणाच्या रक्तातून आलं, एवढंच त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचंय. नाव घ्या."

राजानं पागोटं काढलं. पागोट्यावरचा तुरा उपटला आणि पाण्यात सोडला. ज्या नावाचं गाणं ऐकत तो पाळण्यात झोपला होता, ते नाव त्यानं आधी ओठांतल्या ओठांत घेतलं. मग मान वर केली, आणि नदीच्या मध्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला,

"सोनतुरा."